व्हॉल्व्ह कशाने वाकतो?

शनिवार पेठेतल्या एका बोळात आमच्या ओळखीचे मिस्त्री आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. दोघांनी एक टेंपो ढकलत आणला. टेंपोवाले काका म्हणाले, "चालता चालता बंद पडला. बघा जरा, उद्या मार्केटयार्डाची खेप आहे."

मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन भरभर फिरले, पण चालू होईना.

"काका, फार हलकं फिरतंय. दाब राहिला नाही. व्हॉल्व्ह वाकलेत."

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचे दार. दिसायला भूछत्रीसारखे, लांब दांडी आणि खाली चपटे डोके. एक दार हवा आत घेते, दुसरे धूर बाहेर सोडते. पिस्टन पुरता वर येतो तेव्हा दाराने त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला हवे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक दार सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते! ही वेळ टायमिंगचा पट्टा सांभाळतो. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते.

काकांचा पट्टाच तुटला होता. उघडी दारे उघडीच राहिली. गाडी वेगात होती. पिस्टन वर आले आणि दारांवर आदळले. (काही इंजिनांत दोघांमध्ये जागा राखलेली असते. तिथे गाडी नुसती थांबते.)

वाकलेला व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसत नाही. फटीतून दाब निसटतो. एखादाच वाकला असेल तर गाडी चालते, पण थरथरते, ओढत नाही, इंधन जास्त खाते. तशीच दामटली तर व्हॉल्व्हचे डोके मोडून पिस्टनवर पडायचे. मग खर्च विचारूच नका. वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करीत नाहीत, नवा घालतात.

पट्टा बसवताना दात चुकले, किंवा वेगात असताना फार खालचा गिअर पडला, तरी व्हॉल्व्ह वाकू शकतो. आमच्या पेठेला आणखी एक भीती असते. खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठेच्या पात्रात लावलेल्या गाड्या बुडतात. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. तशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी व्हॉल्व्हही. बुडालेली गाडी चालू करून पाहू नका. न्यूट्रलमध्ये ढकलत मिस्त्रीकडे न्या. ते आधी प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर काढतात.

हेड उतरले. आठांपैकी चार व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. मिस्त्रींनी झाकणाखालची जुनी चिठ्ठी दाखवली. '६०,००० किलोमीटरला पट्टा बदला.' काट्यावर ७१,००० झाले होते.

काका म्हणाले, "आकडा रोज दिसायचा हो. कशाचा ते कुठं वाचता येत होतं?"

काम पाच दिवस चालले. खेप दुसऱ्याच्या टेंपोने गेली. नवी चिठ्ठी लावताना काकांनी ती मिस्त्रींकडून दोनदा वाचून घेतली.