‘इनॉक्युलेशन’ म्हणजे डोळा भरणे



तुरीच्या बियाण्याला जिवाणू चोळणे आणि बाळाला लस टोचणे, या दोन्ही कामांना इंग्रजीत ‘इनॉक्युलेशन’ म्हणतात. शेत कुठे आणि दवाखाना कुठे! याचा उलगडा आम्ही शिकलेल्या लॅटिन भाषेत होतो.

लॅटिनमध्ये ‘इन’ म्हणजे आत आणि ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा. झाडाच्या कळीलाही रोमन लोक डोळाच म्हणत. एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवणे म्हणजे ‘इनॉक्युलारे’. आपणही उसाचा डोळा म्हणतो आणि गावठी बोरीवर उमराण बोराचा डोळा भरतो. रोम आणि दुधनी दूर असली, तरी शेतकऱ्याची नजर एकच.

पुढे 18 व्या शतकात युरोपात देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालू लागले. हेही डोळा भरण्यासारखेच, म्हणून नाव तेच. पण तो द्रव खऱ्या देवीचा असल्याने काही जण दगावत. 1796 साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईंच्या सौम्य देवीचा द्रव वापरला. ‘वाक्का’ म्हणजे गाय, त्यावरून ‘व्हॅक्सिन’. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली. 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. वडीलधाऱ्यांच्या दंडावरचा वण त्याचीच खूण.

आता शेताकडे वळू. रायझोबियमची 250 ग्रॅमची पुडी 10 किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ती बियाण्याला हलक्या हाताने चोळावी, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. पुडीवरची मुदत पाहावी आणि तुरीची पुडी हरभऱ्याला वापरू नये. पीक वाढल्यावर मुळावरची गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी दिसली, तर जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत आहेत.

वाळलेला डोळा धरत नाही. उन्हात राहिलेल्या पुडीतले जिवाणू मरतात. थंडाव्यात न ठेवलेली लस निकामी होते. तेव्हा जे आत घालायचे ते जपावे आणि वेळेवर घालावे. पेरणीची घाई असली, तरी बाळाच्या लसीची तारीख चुकवू नका.