चोविसावा खेळाडू

ओंटारियोत आमच्या घरी ज्युनियर आइस हॉकीची मुलं राहून गेली. परगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूची सोय क्लब एखाद्या कुटुंबात करतो. इथे अशा कुटुंबाला बिलेट फॅमिली म्हणतात. त्यातला एक बचावपटू पुढे व्यावसायिक झाला, पण एनएचएल या सर्वोच्च लीगच्या उंबरठ्यावरच राहिला. मला काकू म्हणतो आणि नवा करार आला की कागद घेऊन घरी येतो. मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या रिंकवर हल्ली आपली मराठी मुलंही दिसतात. त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

१. ड्राफ्ट झाला, म्हणजे एनएचएलच्या संघाने निवडलं, की नोकरी लागली असं नाही. दरवर्षी २२४ मुलं निवडली जातात. संघ ३२ आणि एका संघात जागा २३. कुणी उठल्याशिवाय दुसऱ्याला बसायला मिळत नाही. उलट यानी गूर्द या खेळाडूला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तो एएचएलच्याही खालच्या ईसीएचएल लीगमधून चढत वर आला आणि २०२० व २०२१ असे एनएचएलचे सलग दोन स्टॅनले कप जिंकला.

२. करारातले दोन्ही आकडे वाचा. टू-वे करारात एनएचएलचा पगार वेगळा, खालच्या एएचएलचा वेगळा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता, म्हणजे सीझनमध्ये दिवसाला साधारण चार हजार. पण तो जितके दिवस वर राहाल तितक्याच दिवसांचा. आमच्या पोराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खालच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि घरभाडं, गाडीचा हप्ता सगळं त्यातच बसवलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

३. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगते. एएचएलच्या सामन्यात गोलरक्षक सोडून १८ जण उतरतात. त्यातले १३ घडत असलेले, कमी अनुभवाचे खेळाडू असावेच लागतात. त्यांपैकी बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या आत हवेत, तेराव्याचे ३२० च्या आत. सीझन ७२ सामन्यांचा. चार सीझन धड खेळलेला मुलगा पंचविशीच्या आसपासच ‘जुना’ ठरतो आणि उरलेल्या पाच जागांसाठी झगडायला लागतो. तरुणांना घडवणं हेच त्या लीगचं काम आहे, त्यामुळे नियमाला माझी हरकत नाही. पण सही करताना एजंटने हे समोर बसवून समजावलंच पाहिजे. आपला खेळ घसरला, असं समजून मुलं झुरत बसतात. प्रत्यक्षात फक्त सामन्यांचा आकडा वाढलेला असतो.

४. युरोपला जाणं कमीपणाचं मानू नका. जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, पण पोट भरतं. ब्रिटनमध्ये काही क्लब खेळता खेळता मास्टर्स करू देतात.

५. ज्युनियर लीगची शिष्यवृत्ती जपा. ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे कॉलेजचं एक वर्ष मिळतं, पण व्यावसायिक खेळायला लागल्यावर ते हातचं जाऊ शकतं. अटी आणि मुदत स्वतः वाचा.

६. खेळणं थांबलं तरी प्रशिक्षणाची वाट उरते. प्रशिक्षक जॅरेड बेडनार एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. ईसीएचएलचा कप त्याने खेळाडू म्हणूनही जिंकला आणि प्रशिक्षक म्हणूनही. मग २०१६ मध्ये एएचएलचा आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोसह स्टॅनले कप. आमच्या पोराच्या मागेही मी प्रशिक्षणासाठी लागले आहे. उन्हाळ्यात तो लहान मुलांचं शिबिर घेतो, त्यांना उलटं स्केटिंग शिकवतो, आणि जागा भरल्या की मला फोन करून सांगतो.