प्रेमाच्या अटी, तालमीत उमगलेल्या

हौशी कलाकारांना घेऊन जुनी विनोदी नाटकं बसवणं हे माझं कितीतरी वर्षांचं वेड आहे. शेक्सपिअर, शेरिडन, वाइल्ड यांची आम्ही आमच्यापुरती मराठी रूपं करतो. देवल तर घरचेच. या सगळ्या नाटकांत कुणीतरी ठणकावून सांगतं, की मला जोडीदार हवा तो असाच. पुढचं नाटक म्हणजे त्या अटीचं काय झालं त्याची गोष्ट. ही अट नटाच्या तोंडून कशी यावी, यावर आमच्या तालमींचा बराच वेळ जातो. त्यातून माझ्या पदरात जे पडलं ते सांगते.

१. अट सांगताना डोळा मारायचा नाही

वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये १४ फेब्रुवारी १८९५ रोजी पहिल्यांदा झालं. त्यातल्या ग्वेंडोलनला नवरा अर्नेस्ट नावाचाच हवा, दुसरं नाव चालायचं नाही. हे वाक्य वाट्याला आलं की नवी नटी हमखास प्रेक्षकांकडे बघते, जणू म्हणते, ‘बघा, किती खुळी आहे ही!’ प्रवेश तिथेच पडतो. ग्वेंडोलनचा त्या नावावर पुरा विश्वास आहे. दवाखान्यात रक्तगट सांगतो तितक्या सरळपणे सांग, असं मी मुलींना म्हणते. मग हशा आपोआप येतो आणि समोर तिला मागणी घालणाऱ्या जॅकची तारांबळही खरी वाटते, कारण त्याचं नाव अर्नेस्ट नाही हे प्रेक्षकांना एव्हाना ठाऊक असतं.

त्याच नाटकातली सेसिली तिच्याही पुढची. जॅकचा मित्र अल्जर्नन तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तिच्या डायरीत त्यांचं लग्न ठरून, एकदा मोडून, पुन्हा जुळलेलंही असतं. अंगठी तिनेच विकत घेतलेली, त्याची पत्रंही तिनेच लिहिलेली. पत्रांच्या पेटीत आम्ही कोरे कागद कधी ठेवत नाही. सेसिली करणाऱ्या मुलीने ती पत्रं स्वतः बसून लिहायची, असा आमचा शिरस्ता आहे. लिहिता लिहिता तिच्या लक्षात येतं की या पोरीच्या वाट्याला खेड्यातलं एक घर, एक शिक्षिका आणि जर्मनचे धडे एवढंच आहे. पुढे अभिनयात वेगळं काही सांगावं लागत नाही.

२. यादी लांबत जाते तेव्हा माणूस घाबरलेला असतो

शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’चा बेनेडिक बागेत एकटाच बोलतो. बायको श्रीमंत हवी, शहाणी हवी, शीलवान हवी, देखणी हवी, शांत हवी, घरंदाज हवी, बोलायला गोड आणि गाण्याबजावण्यात तरबेज हवी. केसांचा रंग मात्र देवाला आवडेल तो चालेल! एवढीच काय ती सूट. ही यादी भराभर म्हणून टाकणारे नट मी पुष्कळ पाहिले. ती तशी म्हणायची नसते. प्रत्येक गुण त्याला तिथल्या तिथे सुचला पाहिजे, कारण प्रत्येक गुणागणिक तो लग्नाच्या दाराला एकेक कडी घालतो आहे. फसवला जाईन आणि लोक हसतील, हे त्याचं भय पहिल्या अंकापासून त्याच्या थट्टेत दिसतं. याच प्रवेशात बीट्रिसचा त्याच्यावर जीव असल्याच्या मित्रांच्या लटक्या गप्पा झुडपाआडून ऐकून तो विरघळतो, आणि त्या सगळ्या कड्या एकदम निघतात.

बीट्रिसची तऱ्हा तशीच, पण तिच्या अटींमागे दुखणं आहे. दाढीवाला नवरा तिला सोसवणार नाही, बिनदाढीवाला तर नकोच. डॉन जॉन घुम्म्यासारखा गप्प आणि बेनेडिक अखंड बडबडा. या दोघांच्या मधला कुणी असता तर बरं, असं ती म्हणते. पुढे त्याच प्रवेशात ती ओझरतं बोलून जाते की बेनेडिकने पूर्वी एकदा तिचं मन खोटे फासे टाकून जिंकलं होतं. वाचनाच्या वेळी हे वाक्य निसटतं. दिग्दर्शकाने त्याखाली लाल रेघ ओढावी, कारण तिची सगळी तिखट जीभ तिथून आलेली आहे.

आणि मग ती दाढी. तिसऱ्या अंकात बेनेडिक दाढी काढून येतो. मित्र थट्टा करतात, पण बीट्रिस त्याबद्दल पुढे एक अक्षर बोलत नाही. आमचा बेनेडिक आधी स्पिरिट गमने चिकटवलेली दाढी लावतो आणि मध्ये विंगेत मेकअपवाला ती उतरवतो. त्या धांदलीत हनुवटीवर डिंकाची लाली राहते. ती मी पुसू देत नाही.

३. आईची यादी वेगळी वाजली पाहिजे

ग्वेंडोलनची आई लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल काढून जॅकची उलटतपासणी घेते. वय एकोणतीस, सिगारेट ओढतो, वर्षाला सात-आठ हजार पौंडांची मिळकत, गावी घर, लंडनमध्ये बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये घर. सगळं जमत आलेलं असताना आईवडिलांचं नाव येतं आणि हा व्हिक्टोरिया स्टेशनवर हँडबॅगेत सापडलेलं मूल निघतो. कांदेपोह्यांच्या बैठकी पाहिलेला आपला प्रेक्षक इथे सगळ्यांत मोठ्याने हसतो. त्याला काही समजावून सांगायची गरज नसते. मुलीची अट एका नावाची, आईची वहीभर, पण हट्ट एकाच जातीचा. म्हणून मी दोघींना मान वळवण्याची एकच लकब देते.

४. लिडियाला लाडावलेली करू नका

शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’मधल्या (१७७५) लिडियाला गरीब लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जायचंय, मग मावशीच्या संमतीवाचून आपली बरीचशी दौलत गेली तरी बेहत्तर. तो श्रीमंत घरचा आणि वडीलधाऱ्यांना पसंत निघतो तेव्हा ती रुसते. कादंबऱ्या वाचून बिघडलेली, असं म्हणून तिला मोडीत काढणं सोपं आहे. मला वाटतं, पैशाशिवाय कुणी मला निवडेल का, एवढंच तिला पाहायचंय.

५. न बोललेली अट सर्वांत महाग पडते

‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या नाटकात. तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपातून ते देवलांकडे आलं. आधी गद्य ‘फाल्गुनराव’, मग १९१६ मध्ये संगीत. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिच्या हाती लागते, तिथून फाल्गुनरावाच्या हाती जाते, आणि तसबीर त्याच्याकडे बघून अश्विनशेट रेवतीवरच संशय घेतो. तिने निष्ठावान असावं ही त्याची अट, पण विश्वास ठेवायची स्वतःची बाजू त्याने कधी तपासलेलीच नसते. संशयाने अश्विनशेटचं फार तर मन कडू होईल. नायकिणीच्या घरातून लग्नाच्या घरात जाऊ पाहणाऱ्या रेवतीचा रस्ताच बंद होईल. म्हणून नुसता गळा पाहून रेवती निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. हे दुखावलेपण चेहऱ्यावर आलं नाही तर पदं कितीही रंगोत, नाटक अर्धंच होतं.

६. शेवटची अट चर्चमध्ये

पुन्हा ‘मच अडू’कडे. भर लग्नात बेनेडिकचा मित्र क्लॉडिओ आपल्या नवरीवर, बीट्रिसच्या चुलतबहिणीवर, म्हणजे हीरोवर चारित्र्याचा आळ घेतो. सगळे पांगल्यावर बेनेडिक बीट्रिसला प्रेमाची कबुली देतो आणि म्हणतो, सांगशील ते करीन. ती सांगते, क्लॉडिओला ठार मार. इथे प्रेक्षक हसतात. हसू द्यावं, बेनेडिकने मात्र हशा पुरता विरेपर्यंत तोंड उघडू नये. तो आधी नकार देतो, ती संतापते, रडते. मग तो एवढंच विचारतो, की क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला असं तुला अगदी मनापासून वाटतं का? ती हो म्हणते आणि तो निघतो. हा प्रश्न धीम्या आवाजात पण स्पष्ट विचारायला मी लावते, कारण दाढी, श्रीमंती, गाणंबजावणं सगळं मागे पडून तिला हवं होतं ते इथे तिला मिळतं. पुढे तो जाऊन जिवलग मित्राला द्वंद्वाचं आव्हान देतो. त्या घडीला त्याच्याकडे तिच्या शब्दाखेरीज कसलाही पुरावा नसतो. हा आळ रचणाऱ्या, पहारेकऱ्यांनी पकडलेल्या माणसाची कबुली सगळ्यांसमोर येते ती त्यानंतर.