डबल डेक व्हीसीआर आणि किनाऱ्यावरची खारी हवा



भर पावसाळ्यात हरिहरेश्वरच्या एखाद्या स्वयंपाकघरात खडेमिठाची बरणी उघडून पाहा. मिठाला पाणी सुटलेले दिसेल. बरणीत तर कोणी पाणी ओतलेले नाही, मग ते आले कोठून? ते हवेतून आले. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठ हवेतील बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. खडेमिठात थोडे मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरते. सावित्री नदीच्या मुखाजवळच्या या गावात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे नेहमीचेच. शिवाय लाटा खडकांवर फुटतात तेव्हा उडणारे तुषार वाळून मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली तुम्ही पाहिली असतील. ती पाडण्यात या खाऱ्या हवेचाही हात आहे.

खडकाला न सोडणारी ही हवा कपाटात ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटला सोडील काय? १९८० नंतरच्या दोन दशकांत अनेक घरांतील लग्ने, मुंजी आणि उत्सव या कॅसेटवर चित्रित झाले. आता हयात नसलेल्या आजीचा चालता-बोलता चेहरा कदाचित अशा एकाच कॅसेटवर उरला असेल. ती पाहायला यंत्र हवे, आणि नवे यंत्र मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि व्हीसीआरचे युग संपले. म्हणजे यंत्र जुन्या बाजारातच शोधायचे. तेथे कोणी म्हणेल, “डबल डेक घ्या. एका कप्प्यात जुनी कॅसेट घाला, दुसऱ्यात कोरी घाला, नक्कल तयार!” हा सल्ला कितपत बरोबर आहे? उत्तरासाठी आधी यंत्राच्या आत डोकावू.

फिरता ढोल आणि तिरक्या रेघा

कॅसेटमधील फीत पॉलिएस्टरची असते. रुंदी १२.६५ मिलिमीटर आणि तीन तासांच्या फितीची जाडी सुमारे २० मायक्रॉन. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तिच्या एका बाजूस लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट बहुवारिकात कालवून लेपलेले असतात. हेड म्हणजे एक चिमुकला विद्युत्‌चुंबक. त्यातून विद्युत्‌संदेश गेला की समोरचे कण त्याप्रमाणे चुंबकित होतात. पुढे तीच फीत हेडसमोरून सरकली, की हेडच्या वेटोळ्यात पुन्हा तसाच संदेश निर्माण होतो.

फितीवर उमटणाऱ्या तरंगाची लांबी काढणे सोपे आहे. फितीचा वेग भागिले संदेशाची वारंवारता. आपल्याकडील व्हीएचएस यंत्रात फीत सेकंदाला २.३४ सेंटिमीटर सरकते आणि चित्राच्या संदेशाची वारंवारता ४.८ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. भागाकार करून पाहा. तरंगलांबी मायक्रॉनच्या दोनशेव्या भागाइतकी येते. ऑक्साइडचा कणसुद्धा त्याहून मोठा असतो! मग चित्र उमटणार कसे?

यावर तोड अशी काढली, की फीत संथच राहू द्यायची आणि हेडलाच पळवायचे. ६२ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत ढोलावर समोरासमोर दोन हेड बसवतात आणि ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो. परीघ गुणिले २५ केले, की हेडचा वेग सेकंदाला सुमारे ४.८७ मीटर येतो आणि तरंगलांबी १ मायक्रॉनच्या आसपास. ढोल तिरका असल्यामुळे प्रत्येक हेड फितीवर तिरकी रेघ ओढतो. एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. अशा ५० रेघा दर सेकंदाला ओढल्या जातात.

या युक्तीने काय साधले? हेड स्थिर ठेवून फीतच त्या वेगाने पळवली असती, तर तीन तासांच्या चित्रणाला ५२ किलोमीटरहून लांब फीत लागली असती. हरिहरेश्वराहून श्रीवर्धनला जाऊन परत येण्याच्या अंतराहूनही हे जास्त आहे. प्रत्यक्षात सुमारे २५३ मीटर फितीत काम भागते.

पण या बारकाईची किंमतही मोजावी लागते. धुळीमुळे फीत हेडपासून अर्धा मायक्रॉन जरी उचलली गेली, तरी १ मायक्रॉन लांबीच्या तरंगाचा संदेश सुमारे तेविसाव्या हिश्शावर येतो आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागतात. मिठाचा एक कण, बुरशीचा एक ठिपका किंवा बोटाचा तेलकट डाग एवढे त्यासाठी पुरेसे होते.

दोन कप्पे कशासाठी?

व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. नक्कल करायची तर दोन व्हीसीआर तारेने जोडावे लागत. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील गो-व्हिडिओ या छोट्या कंपनीला एकाच खोक्यात दोन्ही यंत्रे बसवायची होती. परंतु चित्रपटांच्या चोरट्या नकला होतील अशी चित्रपट कंपन्यांना धास्ती होती आणि जपानी उत्पादक असे यंत्र बनवून देत नव्हते. गो-व्हिडिओने १९८७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. अखेर दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने बनवलेले तिचे यंत्र १९९० मध्ये विक्रीस आले. ब्रिटनमध्ये अ‍ॅमस्ट्राड कंपनीनेही दोन कप्प्यांचे यंत्र काढले.

तेव्हा डबल डेकमध्ये वेगळी जादू काही नाही. दोन व्हीसीआर आणि त्यांना जोडणारी तार एकाच पेटीत असते, एवढेच.

नकलेची नक्कल

समजा, मूळ फितीत चित्राचा संदेश १०० भाग आणि मुंग्यांचा गोंगाट १ भाग आहे. नक्कल करताना हा गोंगाटही चित्राबरोबर उतरतो आणि नवी फीत स्वतःचा १ भाग गोंगाट त्यात मिसळते. दोन्ही गोंगाट एकमेकांशी संबंध नसलेले आहेत, म्हणून त्यांची बेरीज २ होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. १ चा वर्ग अधिक १ चा वर्ग म्हणजे २, आणि त्याचे वर्गमूळ १.४१. मूळ फीत धरून चौथ्या पिढीत हा गोंगाट ४ चे वर्गमूळ, म्हणजे दुप्पट होतो. शिवाय दर पिढीत चित्राच्या कडा बोथट होतात आणि रंग पसरतात ते निराळेच.

आता दुसरी रीत पाहा. वहीत एखाद्याने गिचमिड अक्षरात ७ लिहिले आहे. तुम्ही तो ७ ओळखता आणि आपल्या वहीत स्वच्छ ७ लिहिता. गिचमिड मागेच राहिली, आकडा मात्र पुढे आला. अंकीय नकलेत हेच घडते. संगणक चित्राचे आकडे करतो आणि ते ० व १ या दोनच खुणांत साठवतो. थोडाफार गोंगाट आला तरी ० हा ० च वाचला जातो. म्हणून शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच उतरते.

यावरून आपले उत्तर निघते. जुन्या कॅसेटची नक्कल दुसऱ्या कॅसेटवर करणे म्हणजे तोच रोग नव्या घरात नेणे होय. फितीवरील चित्र संगणकात उतरवावे. त्यासाठी उत्तम स्थितीतला एकच कप्पा लागतो, आणि तोही प्रत्येक कॅसेटसाठी एकदाच.

विकत घेताना

डबल डेक स्वस्तात आणि चालू स्थितीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. दोन्ही कप्पे तपासावे आणि ज्याचे चित्र अधिक स्वच्छ तो वापरावा. मात्र रबरी भाग दुप्पट, तशी दुरुस्तीही दुप्पट, हे ध्यानात ठेवा. यंत्र कोणतेही असो, पुढील गोष्टी पाहून घ्या.

१. पद्धत कोणती? आपल्या कॅसेट पाल पद्धतीच्या म्हणजे ६२५ ओळींच्या आणि सेकंदाला २५ चित्रांच्या आहेत. अमेरिकेतील पद्धत एनटीएससी. तिच्यात ५२५ ओळी आणि सुमारे ३० चित्रे असतात. गो-व्हिडिओची यंत्रे अमेरिकेतली, १२० व्होल्टवर चालणारी. रोहित्र लावून व्होल्ट बदलता येतील, ओळी बदलता येणार नाहीत. उलट, अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट साध्या पाल यंत्रावर नीट दिसणार नाही.

२. बरोबर एक टाकाऊ कॅसेट न्या. ती दहा मिनिटे चालवा, पुढे-मागे फिरवा, बाहेर काढून फितीची कड पाहा. कड चुरगळली असेल तर ते यंत्र घेऊ नका.

३. मागच्या बाजूच्या स्क्रूंची डोकी पाहा. त्यांवर गंज असेल तर आतील सांधेही दमट हवेने खाल्लेले असण्याचा संभव आहे. देशावरच्या कोरड्या हवेत राहिलेले यंत्र मिळाल्यास उत्तम.

४. पट्टे आणि रबरी चाके कडक झाली आहेत का, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या.

यंत्राची निगा

दमट दिवसांत थंड वस्तूवर दव धरते. गार खोलीतून यंत्र दमट खोलीत आणले, की ढोलावरही पाण्याचा पातळ थर बसतो आणि ओली फीत त्याला चिकटून गुंडाळली जाते. पुष्कळ यंत्रांत यासाठी दव ओळखणारा घटक असतो. तरीही जागा बदलल्यावर दोन तास थांबूनच यंत्र सुरू करावे.

हेड साफ करण्याचे काम मोठ्या माणसांनी किंवा कारागिरानेच करावे. वीज तोडल्यावरही आतील धारित्रांत विद्युत्‌भार राहू शकतो. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला, धागे न सुटणारा कागद ढोलाला हलकेच टेकवून स्थिर धरायचा आणि ढोल हाताने फिरवायचा. कागद वर-खाली कधीही घासू नये, हेड तुटतो. कापसाची काडी तर वापरूच नये, तिचा तंतू हेडमध्ये अडकतो.

यंत्र समुद्राकडील खिडकीपासून दूर ठेवा. काम नसताना त्यावर कापड घाला, पण चालू असताना हवेची छिद्रे झाकू नका.

फितीची निगा

सर्वांत आधी कॅसेटच्या मागील कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका. ती नसली की यंत्र त्या कॅसेटवर चित्रण करीत नाही. डबल डेकमध्ये कप्प्यांची अदलाबदल झाली, तर पट्टी शाबूत असलेल्या कॅसेटवरील लग्न कायमचे पुसले जाईल!

मग झाकण उचलून उजेडात फीत पाहा. कडेला पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवू नका. तिची बुरशी हेडवर बसते आणि तेथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून हे काम जाणणाऱ्याकडे द्या.

कॅसेट उभ्या ठेवाव्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या तर उत्तम. लाउडस्पीकरमध्ये चुंबक असतो, त्याच्याजवळ ठेवू नयेत. संगणकात उतरवण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे. त्याला घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. डीव्ही पद्धतीने साठवल्यास तासाला सुमारे १३ गिगाबाइट, म्हणजे कॅसेटमागे सुमारे ३९ गिगाबाइट जागा लागेल.

शेवटचे म्हणजे नकला दोन करा आणि एक गावाबाहेर, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात घरांची छपरे उडाली आणि आतील सामान भिजले. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन नकला अशा वेळी एकदमच जातात.

करून पाहा

१. दोन बाटल्यांच्या झाकणांत प्रत्येकी १० ग्रॅम खडेमीठ घ्या. एक झाकण उघड्यावर ठेवा, दुसरे सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात. शाळेच्या तराजूवर दोन्हींचे रोज वजन करा आणि आठ दिवसांचा आलेख काढा. दोन रेषांमध्ये जे अंतर पडेल, तेवढे पाणी तुमच्या घरची हवा मिठात आणून सोडते आहे.

२. आपल्या हस्ताक्षरातील एका पानाची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, अशा आठ पिढ्या काढा. कितव्या पिढीत अक्षर वाचता येईनासे होते? आता तोच मजकूर मित्राला वाचून वहीत उतरवायला सांगा, त्याचा दुसऱ्याला, अशा आठ वह्या करा. दोन्ही आठव्या प्रती शेजारी ठेवा आणि घरातील कॅसेटसाठी कोणती रीत निवडायची, ते तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा.