थंडीतली कृष्णा आणि बिनपंख्याची होडी

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात गेले तीन हिवाळे मी आणि धाकटा भाऊ गळ टाकतोय, मच्छीमार सोसायटीला विचारून. होडी पत्र्याची. तिला जुन्या वॉटर स्कूटरचं इंजिन आणि जेट बसवून घेतलंय. या तीन हिवाळ्यांत जे हाती लागलं ते लिहितो. मासे त्यात कमीच आहेत.

1. थंडीत लवकर उठून काही साधत नाही. पहिल्या वर्षी आम्ही पहाटे साडेपाचलाच धुक्यात होडी लोटायचो. बोटं बधिर व्हायची आणि दहा वाजेपर्यंत तंगूस हलायचा नाही. सोसायटीतले एक सत्तरीचे काका काठावरून रोज बघायचे. एक दिवस म्हणाले, "आरं, तुमास्नी तरी या गारठ्यात गोधडीतनं उठावंसं वाटतंय का? मग त्यास्नी कसं वाटंल?" माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी गारठलं की त्याची भूक मंदावते आणि रोहू-कटला डोहात खाली जाऊन पडून राहतात. चिलापी तर मूळची आफ्रिकेतली, तिला गारठा मुळीच सोसत नाही. आता आम्ही अकराला निघतो, पिठाची गोळी वाटाण्याएवढी करतो आणि ती तळापर्यंत जाऊ देतो.

2. मूठ सोडली की होडी आपली राहत नाही. हे कळायला एक बंधारा जवळ यावा लागला. जेटला सुकाणू नसतं. तळातून ओढलेलं पाणी मागच्या तोंडातून जोरात बाहेर पडतं, आणि ते तोंड वळवलं की होडी वळते. घाबरून मी इंजिनचा जोर काढून घेतला, तसा पाण्याचा झोत थांबला आणि होडी सरळ भिंतीकडे निघाली. भाऊ ओरडला, "दादा, वाढव!" संकट समोर दिसत असताना जोर वाढवायचा, हे हाताला शिकवायला मला दोन महिने लागले. अजूनही पोटात गोळा येतो.

3. उथळ पाण्यासाठी घेतलेलं यंत्र उथळ पाण्यातच रुसतं. जेट जन्माला आलं तेच उथळ नद्यांसाठी. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात तिकडच्या खडकाळ नद्यांसाठी ते घडवलं, आणि 1977 मध्ये एडमंड हिलरी अशाच जेट बोटींतून गंगासागरहून निघून पार नंदप्रयागजवळ पोचले. खाली पंखाच नाही, त्यामुळे दगडावर आपटून मोडायचा प्रश्न नाही. हे सगळं खरं, पण आमच्या कृष्णेत हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. पाचट, जलपर्णी, तुटक्या जाळ्यांचे तुकडे असं सगळं जेटच्या तळातल्या, पाणी ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसतं. होडी थांबली की इंजिन बंद करायचं, बाही कोपराच्या वर सारायची आणि गार पाण्यात हात घालून एकेक पात उपसायची. वाळूवर तर इंजिन सुरूच करू नये. आत गेलेली वाळू जेटच्या पोटातली पाती कानशीसारखी घासते. आता आम्ही कमरेएवढ्या पाण्यापर्यंत वल्ह्यानं जातो आणि मगच किल्ली फिरवतो.

4. मगर दिसते तोवर बरं. माशांसारखीच तीही उन्हाची वाट बघते, आणि साडेदहा-अकराला वाळूच्या पुळणीवर जबडा उघडून पडलेली असते. म्हणजे आमच्या वेळेलाच. पहिल्या वर्षी आमच्या आवाजानं एक मोठी मगर सरसर पाण्यात उतरली, आणि त्यानंतरचा अर्धा तास मी पाण्याकडे टक लावून बसलो. ती कुठं आहे हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या घाटावर एक बाई धुणं धूत होत्या. आमच्या इंजिननं तिला नेमकं त्यांच्या बाजूला लोटलं असतं तर? आम्ही हाका मारून त्यांना पाण्याबाहेर यायला सांगितलं. त्या दिवसापासून पुळण दिसली की लांबूनच इंजिन बंद. तिचं ऊन तिला खाऊ द्यावं.

5. लाइफ जाकीट अंगात हवं, होडीत पडलेलं नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. ते गाव आमच्या डोहापासून फार लांब नाही. आई आजही आमच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून बघते.

6. जेट मला डोहापर्यंत नेतं, पुढचं काम वल्ह्याचं. इंजिन बंद झाल्यावर कान थोडा वेळ वाजत राहतात. मग औदुंबरच्या देवळातली घंटा ऐकू येते, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर येते. गेल्या जानेवारीत काका आमच्याबरोबर आले होते. गळाच्या काठीला त्यांनी हातही लावला नाही, तंगूस नुसता तर्जनीवर ठेवला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचं बोट जरा वाकलं, मला तर काहीच दिसलं नव्हतं, आणि ते हळूच म्हणाले, "आलाय. वास घेतोय नुसता. हलू नका."