'नीट' हुकली म्हणून काय झाले?

'नीट'मध्ये गुण कमी पडले की मुलाबरोबर घरही खचते. मग नाइलाजाने बी. एस्सी.ला प्रवेश घेतला जातो आणि वर्षे तशीच जातात. गडहिंग्लज परिसरातील विद्यार्थ्यांनी हे टाळावे.

पदवीचे शिक्षण घेतानाही 'नीट' देता येते. २०२२ पासून कमाल वयाची अट नाही. मात्र पुन्हा गुण न वाढल्यास डॉक्टरकीचाच हट्ट धरू नये. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र मन लावून शिकणाऱ्यास पुढे प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य वा रुग्णालय व्यवस्थापनाकडे वळता येते. बारावीनंतर ३ वर्षांचा जी. एन. एम. हा परिचारिकेचा अभ्यासक्रमही आहे.

परंतु फी भरण्यापूर्वी मान्यता तपासा. परिचर्या अभ्यासक्रमास महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि उसाच्या बिलातून भरलेले पैसे वाया जातात. कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, परिषदेची यादी पाहा.

शेवटी, सुट्टीत उपजिल्हा रुग्णालयाची परवानगी काढून आठवडाभर केसपेपरच्या खिडकीपाशी मदत करा. दुखणे, रडारड, चिडलेले नातेवाईक हे सारे आपल्याला सोसेल का, ते तिथेच कळेल.