फिरती करवत घेण्यापूर्वी : लाकूडकापणीचा जोडधंदा कसा पारखावा



खानापूर, चंदगड, सत्तरी, सांगे या भागांतील आपल्या धर्मग्रामांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या परड्यात फणस नाही किंवा बांधावर आंबा, जांभूळ, सागवान, सिल्व्हर ओक यांपैकी एकही झाड नाही. घरात लग्नकार्य निघाले, छप्पर दुरुस्त करायचे झाले की व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, उक्ती रक्कम सांगतो आणि झाड घेऊन जातो. काही महिन्यांनी त्याच जातीची फळी आपण बाजारातून विकत आणतो, तेव्हा दोन्ही भावांतील फरक डोळ्यांत भरतो.

अलीकडे शेतात नेता येणारी फिरती करवत यंत्रे मिळू लागली आहेत. "यंत्र घेऊन शिवारातच फळ्या पाडल्या तर?" असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु यंत्र घेतले म्हणजे नफा सुरू झाला, ही समजूत चुकीची आहे. ओंडका मोजणे, तो कमीत कमी वाया घालवून कापणे, फळी नीट वाळवणे आणि यंत्राला पुरेसे दिवस काम मिळवणे, या चार गोष्टी ज्याला जमतील त्यालाच हा धंदा परवडेल. म्हणून या पाठात आम्ही यंत्राइतकाच या चार गोष्टींचा विचार करणार आहोत.

१. सर्वांत आधी परवाना

पैसे भरण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत जावे. आपल्या मालकीचे झाड तोडण्यासाठीही बहुधा परवानगी लागते. कर्नाटकात १९७६ चा, गोव्यात १९८४ चा आणि महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीसंबंधी कायदा आहे. तोडलेले लाकूड हलवायचे तर अनेक जातींना वाहतूक पास लागतो.

करवत गिरणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये व पुन्हा २००२ मध्ये दिलेल्या आदेशांनी देशभरातील करवत गिरण्यांवर कडक बंधने आली. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यात जंगलापासूनच्या अंतराचाही विचार आहे. आपली गावे जंगलाला लागून असल्यामुळे हा मुद्दा आपल्याला विशेष लागू पडतो. यंत्राला चाके आहेत म्हणून ते परवान्यातून सुटते, असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये. यंत्राचा प्रकार, इंजिनाची ताकद, घरची झाडे कापणार की गावची, हे सर्व लिहून अर्ज द्यावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी होकारावर कर्ज काढणे म्हणजे घर गहाण टाकून पत्ते खेळणे होय.

२. यंत्रांचे प्रकार

पूर्वी ओंडका उंचावर चढवून वर एक व खाली एक गडी उभा राहून मोठ्या करवतीने फळ्या पाडीत. आज फिरत्या यंत्रांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला, चेनसॉवर लोखंडी चौकट बसवून फळ्या पाडणे. हा सर्वांत स्वस्त आणि डोंगरात खांद्यावरून नेता येण्याजोगा. पण काम संथ, आवाज व धूर फार, आणि कापाची रुंदी ८ ते १० मिलिमीटर.

दुसरा, गोल पात्याचा. यात पाते आडवे-उभे फिरवून चौकोनी तुकडे काढता येतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये जाड, कठीण झाडांसाठी ही पद्धत रुळली आहे. काप साधारण ५ ते ६ मिलिमीटर.

तिसरा, पट्ट्याच्या करवतीचा, म्हणजे बँडसॉचा. ओंडका रुळांवरील चौकटीत स्थिर राहतो आणि इंजिनासह करवत त्याच्यावरून सरकते. १९८२ पासून अमेरिकेतील वुड-मायझर कंपनीच्या यंत्रांमुळे हा प्रकार जगभर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. पट्टा पातळ असल्यामुळे काप सुमारे २ मिलिमीटरच पडतो.

कापाची रुंदी एवढी महत्त्वाची का? एका ओंडक्यात दहा काप घ्यायचे आहेत असे धरा. चेनसॉने सुमारे ९० मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. एक इंची फळी २५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे तीनहून अधिक फळ्या भुशात गेल्या. गोल पात्याने दोन फळ्या जातात. पट्ट्याने एकही पुरी जात नाही. फणस, सागवान यांसारख्या मोलाच्या लाकडात हा फरक फार मोठा आहे. वर्षाकाठी चार-दोन झाडे कापणाऱ्यास चेनसॉची चौकट पुरे. धंदा करायचा असेल तर पट्ट्याचे यंत्र पाहावे.

ते पाहताना इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा पुढील गोष्टी तपासाव्यात : चौकट ताठ आहे की कापताना हलते, आपल्या भागातील सर्वांत जाड ओंडका त्यात मावतो का, ओंडका चढविण्याची व फिरविण्याची सोय आहे का, पट्टे, बेल्ट, बेअरिंग जवळच्या शहरात मिळतात का. विक्रेत्याच्या अंगणातील मऊ लाकडावर समाधान न मानता आपला फणसाचा किंवा सागवानाचा ओंडका नेऊन कापून दाखवावयास सांगावे. पहिल्या व शेवटच्या फळीची जाडी चारही कोपऱ्यांत मोजावी.

३. ओंडका मोजावयास शिका

आपल्याकडे ओंडका बहुधा चौथाई घेराच्या रीतीने मोजतात. मधला घेर फुटांत घ्यावा, त्याला चाराने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणावे. उदाहरणार्थ, १० फूट लांब व मध्ये ४ फूट घेर असलेला ओंडका :

४ ÷ ४ = १; १ × १ × १० = १० घनफूट.

याच ओंडक्यात प्रत्यक्षात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. म्हणजे या रीतीत विकणाऱ्याचे सुमारे पाचवा हिस्सा लाकूड मोजलेच जात नाही. ही कापणीतील नुकसानीची पारंपरिक सूट आहे. त्यात लबाडी नाही. पण विकताना व विकत घेताना ती ठाऊक असलीच पाहिजे.

सरळ ओंडक्यातून निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक लाकूड फळ्यांच्या रूपाने हाती येते. आपल्या ओंडक्यातून ७ घनफूट आले असे धरा. ओंडक्याचा दर घनफुटास १०० रुपये मानला तर १० घनफुटांचे १,००० रुपये झाले. ७ घनफूट फळ्या १४३ रुपये दराने विकल्या तर फक्त लाकडाचे मोल परत मिळाले. डिझेल, मजुरी, पट्टे यांचे काहीच नाही. कच्च्या व कापलेल्या लाकडाच्या दरांतील सारा फरक नफा आहे, असे समजणाऱ्याने हा हिशेब दोनदा करावा.

४. फळ्या पाडताना

ओंडका चिखलातून ओढून आणू नये. सालीतील माती व खडे पट्ट्याची धार घालवतात. बांधावरच्या झाडात तारा, खिळे, झोपाळ्याचे आकडे वाढून आत गेलेले असतात. धातू शोधण्याचे लहान उपकरण घेतले तर त्याची किंमत लवकर वसूल होते.

ओंडक्याची एक बाजू सपाट करून तो फिरवावा, दुसरी बाजू सपाट करावी आणि चांगल्या, बिनगाठीच्या बाजूने फळ्या काढाव्यात. मधला गाभा फळीत ठेवल्यास ती हमखास फुटते. तो जाड तुकड्यात बंदिस्त ठेवून वासा करावा किंवा काढून टाकावा. नीलगिरीच्या खोडात ताण असतो. ती कापताकापताच वाकते व टोकाशी चिरते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. आंबा मऊ व शिकावयास सोपा. पण त्याला बुरशी व पोखरणारे किडे लवकर लागतात. तोडल्यावर तो लवकर कापावा आणि फळ्या बोरिक ॲसिड व बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून घ्याव्यात. सागवानात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते.

फळी लाटेसारखी निघू लागली की पट्टा बोथट झाला असे समजून तो लगेच बदलावा. जोर लावून रेटू नये. पट्ट्याला धार लावणे व दात आळीपाळीने दोन्ही बाजूंस वाकविणे, ज्याला कारागीर 'सेट' देणे म्हणतात, हे स्वतः शिकल्याशिवाय धंद्यात पडू नये. संध्याकाळी काम संपल्यावर पट्ट्याचा ताण सैल करावा.

५. खरा नफा चवडीत

ओली फळी विकणाऱ्यास कमी भाव मिळतो. वाळलेली, सरळ फळी सुतार आपणहून शोधत येतो.

चवड जमिनीपासून दीड फूट उंच, सावलीत, वारा खेळेल अशी रचावी. प्रत्येक दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवाव्यात आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाखाली एक याव्यात. एक पट्टी सरकली तर तेथे फळी वाकते. टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण लावल्यास चिरा कमी पडतात. वर जड दगड ठेवावेत. वाळताना लाकूड आक्रसते, म्हणून २५ मिलिमीटरची तयार फळी हवी असल्यास २८ ते २९ मिलिमीटर कापावी.

फळी वाळली हे वजनावरून ठरवावे. हाताचा अंदाज फसतो. फळीच्या टोकापासून एक फूट आत एक पातळ काप घेऊन वजन करावे. मग तो शंभर अंशांच्या किंचित वर उष्णता असलेल्या भट्टीत, वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावा. ओला काप ३०० ग्रॅम व वाळून २०० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅम पाणी गेले; २०० ला १०० म्हणजे ओलावा ५० टक्के. घरातील सामानासाठी तो १२ ते १५ टक्क्यांवर यावा लागतो. दिवाळीनंतर रचलेली एक इंची चवड कोरड्या दिवसांचा पुरा फायदा घेते. पावसाच्या तोंडावर रचलेली बुरशी धरते.

६. यंत्राचा हिशेब

समजा, यंत्र ४ लाखांचे आहे आणि आठ वर्षे टिकेल. वर्षाची झीज ५० हजार झाली. १२ टक्के दराने पहिल्या वर्षीचे व्याज ४८ हजार. म्हणजे यंत्र उभे राहिले तरी वर्षाला सुमारे १ लाख जातात. वर्षात ८० दिवस काम मिळाले तर प्रत्येक दिवशी १,२५० रुपये, आणि ४० दिवसच मिळाले तर २,५०० रुपये, डिझेलचा थेंब टाकण्यापूर्वीच खर्ची पडतात. म्हणून "यंत्र दिवसाला किती कापते?" हा प्रश्न दुसरा. "वर्षातून किती दिवस चालेल?" हा पहिला. पावसाळ्याचे चार महिने वजा करूनच उत्तर द्यावे.

आमचे मत असे, की एकट्याने कर्ज काढण्याऐवजी पाच-सात घरांनी आधी आपापल्या झाडांची वही करावी : जात, घेर, सरळ खोडाची उंची. मग परवाना असलेल्या गिरणीत घरचे दोन ओंडके कापून आणून स्वतः चवड रचावी, वाळवावी व विकून पाहावे. एवढ्यात काय येते आणि काय येत नाही ते कळते. लाकूड ओळखणे व वाळविणे यांचे शिक्षण बंगळुरूच्या मल्लेश्वरम येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत मिळते. घरातील एका तरुणाला तेथे पाठविणे यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

७. शरीराची काळजी

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली त्याची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांना त्याचा धोका असतो. नाकावर रुमाल बांधणे पुरेसे नाही, धूळ गाळणारा चांगला मास्क वापरावा. कानांत बोळे किंवा कानटोप्या हव्यातच. आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट असावेत. सैल सदरा, उपरणे, ओढणी, पदर यंत्राजवळ नको. इंजिन बंद केल्याखेरीज पट्ट्याला हात लावू नये. एकट्याने, दारू घेऊन किंवा लहान मुले भोवती असताना यंत्र कधीच चालवू नये.

जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात वर ठेवावा. बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि रुग्णाबरोबरच इस्पितळात न्यावी. तुटलेले बोट थेट बर्फात टाकू नये. धनुर्वाताच्या सुईविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रभू येशूचे पालक संत योसेफ सुतार होते. लाकडाचे काम आपल्या श्रद्धेला परके नाही. पण चांगला सुतार एकदा कापण्यापूर्वी दोनदा मोजतो. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपणही तेवढे करावे, आणि तोडलेल्या प्रत्येक झाडामागे येत्या पावसात दोन रोपे लावून ती जगवावीत.

शेतकरी मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाड्यावर येत्या दहा वर्षांत कापण्याजोगी झाडे किती आहेत? ती यंत्राला किती दिवस पुरतील?

२. १२ फूट लांब व ६ फूट घेराच्या ओंडक्याचे चौथाई घेराने किती घनफूट होतात? (उत्तर : २७)

३. फळ्या वाळेपर्यंत पैसे अडकून राहतील. तेवढे दिवस घरखर्च कशावर चालेल?